मुकी अक्षरे पुन्हा कशी बोलली
(अभ्यासपाठ)



अक्षर म्हणजे जे क्षरत नाही ते, अशी ह्या शब्दाची फोड आपणांपैकी पुष्कळांनी शाळेत ऐकली असेल. परंतु इतिहास पाहिला असता अक्षरेही क्षरतात असे दिसते. दगड जागच्या जागी असतो, त्यावरील रेघ तशीच असते, मात्र ती वाचणारा एकही मनुष्य उरत नाही. मग राजाची आज्ञा असो की सुताराचे नाव असो, दोन्ही सारखीच मुकी होतात.

ह्या पाठात आम्ही तीन लिप्यांचा विचार करणार आहो. पहिली आपल्या महाराष्ट्रातील लेण्यांवर कोरलेली ब्राह्मी. दुसरी सिरिया देशातील उगारीत नगराची. आणि तिसरी मोडी, जिचे कागद तुळजापुराच्या आसपासच्या पुष्कळ घरांत पेटीच्या तळाशी पडून आहेत. पहिल्या दोन लिप्या शेकडो वर्षे मुक्या राहून पुन्हा बोलू लागल्या. तिसरी आमच्या डोळ्यांदेखत मुकी होत चालली आहे. पहिल्या दोघींस वाचा कशी फुटली हे नीट समजून घेतले, तर तिसरीविषयी आपले कर्तव्य काय हे निराळे सांगावे लागणार नाही.

१. तगर नगराच्या काळची अक्षरे

तुळजापुराहून धाराशिवावरून पुढे गेले म्हणजे तेरणा नदीच्या काठी तेर हे गाव लागते. गोरोबाकाकांचे गाव म्हणून ते सर्वांस ठाऊक आहे. परंतु गोरोबाकाकांच्याही हजार-बाराशे वर्षे आधी तेथे मोठी पेठ होती व तिचे नाव तगर असे होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत समुद्रव्यापाराची एक माहितीवही लिहून ठेवली. पैठणापासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे, आणि तेथील पुष्कळ कापड गाड्यांतून भडोच बंदरास जाते, असे तीत सांगितले आहे. त्या काळी ह्या प्रदेशात सातवाहन राजे राज्य करीत. तेर येथे त्यांची नाणी सापडली असून, रामलिंगप्पा लामतुरे ह्यांच्या संग्रहातून उभे राहिलेल्या तेथील संग्रहालयात त्या काळच्या पुष्कळ वस्तू पाहावयास मिळतात.

सातवाहनांच्या नाण्यांवर राजाचे नाव ज्या अक्षरांत उमटविले आहे, ती ब्राह्मी होय. नाणेघाटात राणी नागणिकेने जो मोठा लेख कोरविला तो ह्याच अक्षरांत आहे. सोपारे येथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांना अशोक राजाच्या शासनाचा एक तुकडा सापडला. तो इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील असून त्याचीही अक्षरे हीच.

ही अक्षरे कठीण असतील असे कोणी समजू नये. ब्राह्मीतील क हा गणितातील अधिकाच्या खुणेसारखा. ग हा घराच्या दोन पाख्यांसारखा. न म्हणजे आडव्या रेघेवर मधोमध उभी केलेली काठी. ठ म्हणजे एक गोल, आणि त्या गोलात ठिपका दिला की थ झाला. आजच्या आपल्या ठ मध्ये तो गोल अद्याप कायम आहे. आपली बाळबोध व मोडी ह्या दोन्ही लिप्या ब्राह्मीच्याच वंशातील होत.

मग अशी सोपी अक्षरे विसरली कशी गेली? कोणी ती बंद केली नाहीत. प्रत्येक पिढीने आपल्या गुरूच्या अक्षराला थोडे वळण अधिक दिले, कोठे शेपूट काढले, कोठे डोक्यावर रेघ ओढली. नव्या वळणाचे अक्षर शिकविणारे होते, जुन्या वळणाचे शिकविणारे उरले नाहीत. चौदाव्या शतकात सुलतान फिरोजशहा तुघलक ह्याने अशोकाचे दोन प्रचंड स्तंभ दिल्लीस आणविले व त्यांवरील लेख वाचण्याकरिता पंडितांस बोलाविले. एकालाही ते वाचता आले नाहीत. नातवाने आजोबाचे पत्र हाती घ्यावे आणि त्यास एक ओळही लागू नये, असा हा प्रकार होता.

२. एका प्रत्ययाने कुलूप उघडले

जेम्स प्रिन्सेप हे कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूची पारख करणारे अधिकारी व तेथील एशियाटिक सोसायटीचे चिटणीस होते. ठिकठिकाणच्या लेखांचे ठसे त्यांच्याकडे येत असत. १८३७ साली सांचीच्या स्तूपाच्या कठड्यावरील पुष्कळ लहान लहान लेखांचे ठसे त्यांच्यापुढे आले. लेख निरनिराळे होते, तरी प्रत्येकाच्या शेवटी तीच दोन अक्षरे होती. प्रिन्सेप ह्यांनी विचार केला: देवस्थानाच्या ठिकाणी कठड्याच्या एकेका भागावर एवढे लहान लेख कोणी कोरले असतील? मोठी आज्ञा एवढ्या जागेत मावणार नाही. भक्तांनी आपापली देणगी दिली असेल, व आपले नाव लिहिले असेल. तर मग शेवटचा शब्द दानं हा असला पाहिजे.

त्या शब्दाच्या आधी बहुतेक ठिकाणी आणखी एक अक्षर वारंवार येत होते. अमक्याचे दान, असा अर्थ असेल, तर ते अक्षर षष्ठी विभक्तीचा प्रत्यय ठरते. आणि प्राकृतात तो प्रत्यय स असा आहे. अशा रीतीने द, न आणि स ही अक्षरे हाती लागली. त्यांच्या साहाय्याने इतर लेख लावले, त्यातून नवी अक्षरे निघाली, आणि थोड्याच काळात अशोकाचे स्तंभ बोलू लागले. ह्याच्या आधी जर्मन पंडित लासेन ह्यांनी दोन लिप्यांत नाव असलेल्या एका ग्रीक राजाच्या नाण्यावरून काही अक्षरे ओळखली होती, हेही येथे सांगितले पाहिजे. ज्ञानाचे काम बहुधा एकट्याचे नसते.

ही किल्ली हाती आल्यावर आपल्या इकडील लेणीही बोलू लागली. आणि ती काय बोलली? केवळ राजांची नावे नव्हे. कार्ले येथील लेण्याच्या दाराशी एका सुताराचे नाव आहे. दुसरीकडे एका सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे आहे. कोकणातील कुडे येथे एका माळ्याचे दान कोरलेले आहे. कान्हेरी येथे कल्याणच्या लोहाराचे नाव आहे. अनेक स्त्रियांचीही दाने आहेत. ह्या लोकांविषयी कोणी ग्रंथ लिहिला नाही, कोणा भाटाने कवन केले नाही. त्यांची दोन ओळींची नोंद तेवढी राहिली, आणि तिच्यामुळे ते दोन हजार वर्षांनंतर आपणांस नावाने ओळखता येतात. वाचकहो, हे ध्यानात ठेवा. अक्षर हे थोरांचे भूषण असेल; परंतु लहान मनुष्याचा तर तो एकुलता एक साक्षीदार असतो.

३. उगारीतच्या तीस खुणा

आता सिरिया देशाकडे वळू. तेथील समुद्रकिनाऱ्यावर, लाताकिया शहराजवळ, एक शेतकरी १९२८ साली शेत नांगरीत असता नांगर दगडास अडखळला. दगड उचलून पाहतो तो खाली प्राचीन थडगे निघाले. ही वार्ता सरकारात गेली, आणि १९२९ साली क्लोद शेफर नावाच्या फ्रेंच विद्वानाच्या देखरेखीखाली उत्खनन सुरू झाले. जवळच एक टेकाड होते. तेथे बडीशेप उगवत असल्यामुळे त्यास लोक रास शामरा, म्हणजे बडीशेपेचे टेकाड, असे म्हणत. त्याच्या पोटात उगारीत हे नगर निघाले. ते इसवी सनापूर्वी सुमारे ११८५ च्या सुमारास शत्रूंनी जाळले व पुन्हा कधी नगर म्हणून वसले नव्हते.

त्या नगरात मातीच्या पाट्या सापडल्या. गोरोबाकाकांच्या गावच्या लोकांस ओली माती व तिच्यावर उमटणारे बोट ह्यांविषयी निराळे सांगणे नको. तेथील लेखक ओल्या मातीची हातात मावेल अशी पाटी करी, आणि बोरूसारख्या काडीचे टोक तीत दाबून पाचरीसारख्या खुणा उमटवी. बाबेल देशाचे लोकही असेच लिहीत. परंतु त्यांच्या खुणा शेकडो होत्या व त्या शिकण्यात वर्षे जात. उगारीतच्या ह्या पाट्यांवर मात्र निराळ्या खुणा मोजून तीसच निघाल्या. ह्यावरून विद्वानांनी ताडले की ही वर्णमाला आहे. शिवाय एक लहानशी उभी पाचर शब्द आणि शब्द ह्यांच्यामध्ये दिलेली होती. त्यामुळे शब्द कोठे संपतो हे आपोआप कळत होते.

शार्ल विरोलो ह्या फ्रेंच पंडिताने पाट्यांच्या नकला आपल्याजवळ दडवून न ठेवता लगेच छापून प्रसिद्ध केल्या. नंतर जर्मनीतील हान्स बाऊअर, यरुशलेमेतील एदुआर दोर्म व स्वतः विरोलो ह्या तिघांनी एकमेकांच्या चुका सुधारीत ते काम पुढे नेले. पाट्या हाती आल्यापासून सुमारे दीड-दोन वर्षांतच लिपी उलगडली.

येथेही कुलूप कशाने उघडले ते पाहण्यासारखे आहे. उत्खननात ब्राँझची काही हत्यारे मिळाली होती व त्यांवर सहा अक्षरांचा एकच मजकूर कोरलेला होता. तीच सहा अक्षरे एका पाटीच्या आरंभी होती. मात्र तेथे त्यांच्या आधी एक अक्षर अधिक होते. विरोलो ह्यांनी अनुमान केले की हत्यारावर मालकाचे पद आहे, पाटी त्याच मालकास पाठविलेले पत्र आहे, आणि आधीचे ते एक अक्षर म्हणजे आपण ज्यास चतुर्थीचा प्रत्यय म्हणतो तसे काही असावे. इब्री भाषेत व तिच्या बहिणींत "अमक्यास" असे म्हणावयाचे झाल्यास नावाच्या आधी ल लावतात. तर हे अक्षर ल. पुढे सर्व अक्षरे लागली तेव्हा तो मजकूर "याजकांचा मुख्य" असा निघाला. सांचीस स आणि उगारीतास ल. दोन्ही ठिकाणी राजाच्या नावाने जे झाले नाही ते विभक्तीच्या एका प्रत्ययाने झाले.

ह्या पाट्यांतील भाषा इब्री भाषेची जवळची आप्त आहे. घर ह्या अर्थाचा जो शब्द बेथलेहेम व बेथेल ह्या गावांच्या नावांत आहे, तोच तेथेही आहे. पवित्र शास्त्रातील राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात कर्मेल डोंगरावर एलीया संदेष्ट्याचा ज्यांच्याशी सामना झाला, ते बआलाचे उपासक होते. त्या बआलाविषयी त्याच्या भक्तांच्या स्वतःच्या कथा काय होत्या हे पूर्वी जवळजवळ ठाऊक नव्हते. त्या कथा ह्या पाट्यांवर मिळाल्या. आमच्या मनास अधिक लागते ती मात्र त्यांपैकी एका पाटीच्या शेवटची नोंद. लेखकाने तेथे आपले नाव इलिमिल्कू असे दिले आहे, आणि आपण अत्तेनूचे शिष्य आहो असेही लिहिले आहे. आपले नाव लिहिताना ज्याने शिकविले त्याचेही नाव लिहिण्यास तो विसरला नाही.

४. वर्णमाला मेली, क्रम जगला

१९४८ साली उगारीतास बोटाएवढी एक पाटी सापडली. तिच्यावर कथा नाही, हिशेब नाही. केवळ तीसही अक्षरे ओळीने लिहिली आहेत, जशी आपली मुले पाटीवर मूळाक्षरे लिहितात. त्या पाटीवरील जास्तीची अक्षरे वगळली असता राहतो तो क्रम इब्री वर्णमालेचाच आहे. उपदेशक बंधूंस ११९ वे स्तोत्र परिचित आहे. मूळ इब्रीत त्याचे बावीस भाग बावीस अक्षरांच्या क्रमाने रचलेले आहेत. तो क्रम ह्या मातीच्या पाटीशी जुळतो. हाच क्रम पुढे फिनिशियन लोकांकडून ग्रीक लोकांस मिळाला. आणि अरामी ही जी त्याच कुळातील लिपी, तिच्यापासून आपल्या ब्राह्मीस प्रेरणा मिळाली असे पुष्कळ विद्वानांचे मत आहे, जरी ह्याविषयी सर्वांचे एकमत नाही.

आता विचार करा. उगारीतच्या पाचरी आणि शेजाऱ्यांची रेघांची अक्षरे, ही एकाच क्रमाने शिकविली जात. पाचरी कठीण होत्या काय? तीसच होत्या. परंतु नगर जळाले, पाठशाळा गेली, इलिमिल्कूनंतरच्या शिष्यांची परंपरा तुटली, आणि ती लिपी तीन हजार वर्षे जमिनीत राहिली. शेजाऱ्यांची अक्षरे मात्र कोणी ना कोणी मुलांस शिकवीत राहिले, म्हणून ती जगली. यावरून आमचा सिद्धांत असा आहे: लिपी कठीण असते म्हणून मरत नाही, शिकविणारा उरत नाही म्हणून मरते.

आणि मेलेली प्रत्येक लिपी पुन्हा उठतेच असेही नाही. ब्राह्मीस संस्कृत, पाली व प्राकृत ह्या जाणत्या भाषांचा आधार मिळाला. उगारीतास इब्रीचा मिळाला. सिंधूच्या खोऱ्यातील मुद्रांवर काय लिहिले आहे, हे मात्र आजपर्यंत कोणासही सर्वमान्य रीतीने वाचता आलेले नाही. तिकडे जाणारा पूलच सापडत नाही.

५. पेटीच्या तळाशी असलेले कागद

आता आपल्या घराकडे येऊ. शेकडो वर्षे मराठी माणसाचे पत्र, कर्जरोखा, वाटणीपत्र व गावचा हिशेब मोडीत लिहिला जाई. विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून मोडी शिकविणे थांबले. ज्यांनी ती बालपणी पाटीवर गिरविली ते आज अतिवृद्ध आहेत, आणि त्यांपैकी पुष्कळ तर निघून गेले. आपला तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता व तेथे दरबारचे काम उर्दूत चाले; म्हणून एका घरच्या पेटीत उर्दू व मोडी असे दोन्ही कागद निघतात, आणि दोन्ही घरच्या तरुणांस सारखेच अनोळखी.

हा केवळ विद्वानांच्या कुतूहलाचा विषय नव्हे. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. मराठवाड्यातील जुन्या दप्तरांतून कुणबी नोंदी शोधणे हे तिचे काम होते. नोंदी पुष्कळशा मोडीत व उर्दूत असल्यामुळे त्या वाचणाऱ्यांचा शोध करावा लागला. एका आडनावापुढे शंभर वर्षांपूर्वी कारकुनाने काय लिहिले, ह्यावर मुलाची शाळेतील व नोकरीतील जागा अवलंबून असावी, आणि ते दोन शब्द घरात कोणासही वाचता येऊ नयेत, ह्याहून अक्षराची थोरवी अधिक ती काय सांगावी? जमिनीच्या वादातही असेच घडते. ज्यास आपला कागद वाचता येत नाही, त्यास वाचून दाखविणाऱ्याच्या शब्दावर राहावे लागते, मग तो खरे सांगो वा न सांगो. अक्षरापासून ज्यांस पिढ्यान्पिढ्या दूर ठेवले गेले, त्यांस ही गोष्ट उलगडून सांगण्याची आवश्यकता नाही.

एक चमत्कारिक गोष्ट सांगतो. जगातील सर्व संगणकांत ज्या अक्षरांस ठरलेले स्थान असते त्या युनिकोड संचात उगारीतची अक्षरे २००३ साली आली. मोडी तेथे २०१४ साली पोहोचली. तीन हजार वर्षांपूर्वी जळालेले नगर आपल्या आजोबांच्या हस्ताक्षराहून अकरा वर्षे पुढे निघाले!

तथापि निराश होण्याचे कारण नाही. मोडी अद्याप मेलेली नाही. राज्याच्या पुराभिलेख खात्याकडून व इतर संस्थांकडून तिचे वर्ग चालतात. आणि प्रिन्सेप व विरोलो ह्यांची रीत आपणांसही उपयोगी पडते. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडीत नाहीत, त्यामुळे नवशिक्या गोंधळतो. त्याने प्रथम सर्व कागद वाचण्याचा हट्ट धरू नये. वारंवार येणारा लहान शब्द शोधावा. गावाच्या नावाआधी मौजे हा शब्द येतो. आपल्या गावाचे नाव आपणांस ठाऊकच आहे. तेव्हा मौजे सापडला की त्यापुढील अक्षरे आपोआप ओळखू येतात. बापाच्या नावाआधी बिन येतो. बिन सापडला की त्याच्या अलीकडे मुलगा व पलीकडे बाप, आणि ती नावे पुष्कळदा घरातील वृद्धांस तोंडपाठ असतात. मौजे आणि बिन, हे दोन शब्द म्हणजे आपल्या पेटीतील दानं होत.

कागद हाताळताना थोडी सावधगिरी बाळगावी. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये. घड्या एकदम उलगडू नयेत. प्रथम प्रत्येक कागदाची नक्कल किंवा छायाचित्र घेऊन मूळ कागद कोरड्या जागी ठेवावा. वाचनाकरिता नक्कलच बाहेर द्यावी, आणि महत्त्वाचा मजकूर एकाकडून वाचून न घेता दोघांकडून निरनिराळा वाचून घ्यावा व ताडून पाहावा.

६. वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. ब्राह्मी अक्षरे सोपी असता ती वाचणारा कोणी का उरला नाही?
२. सांचीचे लेख व उगारीतची पाटी ह्या दोन्ही ठिकाणी पहिले कुलूप कोणत्या लहान अक्षराने उघडले?
३. उगारीतची लिपी तुटली, पण तिचा क्रम टिकला. तो कोणी टिकविला?
४. कार्ले व कुडे येथील सुतार, माळी ह्यांची नावे आपणांस कशी कळली? आपल्या गावातील शंभर वर्षांपूर्वीच्या कोणा कारागिराचे नाव आज कोठे लिहिलेले सापडेल?
५. आपल्या वस्तीत मोडी किंवा उर्दू वाचणारे किती जण आहेत? त्यांची नावे लिहून काढा. त्यांच्यापाशी शिकण्यास कोण बसणार, हेही त्याच कागदावर लिहा.

पाचव्या प्रश्नाचे उत्तर ह्याच आठवड्यात लिहावे, कारण पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे पुढल्या वर्षीही तीच असतील. पाचव्याचे तसे नाही.